सूतिकागृहाचं परस

२०२४च्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे घडलं.

त्याच्या आदल्या वर्षी पंचवटीतली ती काळ्या दगडाची दुमजली इमारत पाडायची की जपायची, याचा विचार चालू होता. मूळची ती यात्रेकरूंची धर्मशाळा. प्लेगात तिथे आजारी माणसं ठेवली. पुढे सूतिकागृह झालं आणि मी तिथे एकतीस वर्षं नर्स होते.

पाहणीला आलेली रूपाली ही तरुण आर्किटेक्ट माझ्या घरी आली. "आजी, तिथे काय काय व्हायचं ते सगळं सांगा. इतिहास भक्कम असला तर पाडणार नाहीत."

मी सांगितलं. बाळंतिणींच्या शेगडीवरचा ओव्याचा धूर, सागवानी जिना, पुराचं पाणी खाली शिरलेलं असताना वर जन्मलेली जुळी. प्लेगचंही सांगितलं, इतक्या जुन्या मरणाचं कुणाला काही वाटत नाही. एक मात्र गाळलं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. ज्या बायांबरोबर कुणी नसे, त्यांची गेलेली बाळं आमचा शिपाई मल्हारी आणि मी परसातच पुरत असू. हे कळलं तर जागा अशुभ म्हणून पाडतील, अशी मला भीती होती.

इमारत वाचली. तिथे हॉटेल करायचं ठरलं.

हरसूलकडची नवसाबाई चौऱ्याऐंशी साली नाशकात बांधकामावर होती. तिचा पहिला मुलगा आमच्याकडे तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून दर अखाजीला ती यायची आणि परसातल्या एका दगडापाशी नागलीची भाकर ठेवायची. मी सोबत जायचे.

त्या अखाजीला गेलो, तर परसात मोठा खड्डा. मुकादम गोरक्ष पुढे आला.

"मावशी, मागं व्हा. टाकीचं खोदकाम हाय."

"इथला दगड कुठं गेला?" नवसाबाईने विचारलं.

"इथं दगडच दगड निघाले की! कोणता पायजे? घरी न्यायचाय का?"

"माझा पोऱ्या हाय त्याच्याखाली."

गोरक्ष माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं. तो खालीच बसला.

"आज सांगता, आजी? बारीक हाडं निघाली होती. पोरं म्हणली, कोंबडीची. मी म्हटलं, द्या टाकून. सगळी माती ओझरच्या रस्त्याला भरावात गेली."

नवसाबाईने भाकर पदरात गुंडाळली. "बाई, त्या पाहणीवाल्या पोरीला तुमी समदं सांगितलं व्हतं ना?"

"हे नव्हतं सांगितलं. इमारत पाडली असती गं."

"पाडू द्यायची व्हती. माती तर राहिली असती."



मल्हारी त्याआधीच, कोरोनात गेला होता. दुसऱ्या दिवशी गोरक्ष नवसाबाईला मोटरसायकलवर ओझरच्या रस्त्याला घेऊन गेला. भरावावर डांबर पडलं होतं. त्याने ते काम सोडलं, आता सायखेड्याला भावाबरोबर शेती करतो. रूपालीने मी सांगितलेला इतिहास दारावरच्या पाटीवर कोरून घेतला. खरं कळल्यापासून ती माझा फोन उचलत नाही. हॉटेल जोरात चालतं.

नवसाबाई पुन्हा नाशकात आली नाही. तिची सून सांगते, अखाजीला ती चूल पेटवू देत नाही.

मी म्हसरूळला लेकीकडे असते. जुन्या नाशकाचं विचारायला अजून कुणी कुणी येतं. लेक त्यांना दारातूनच परत पाठवते.