पाणी कोणी सोडलं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शरदिनी आठल्ये यांना दिल्लीहून फोन आला. परदेशातल्या युद्धावरून परत मागवायच्या भारतीयांच्या यादीतून त्यांच्या मुलाचं, शार्दूलचं नाव वगळण्यात आलं आहे, एवढंच सांगायचं होतं.

त्या वेळी शरदिनीबाई वाराणसीतल्या मुलींच्या इंटर कॉलेजात, शिक्षकांच्या खोलीत होत्या. भूगोल शिकवतात. पुढचा तास दोन मिनिटांवर होता. त्यांनी कारण विचारलं.

"मॅडम, परिवार ने ही मृत्यु मान ली है," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

"किस परिवार ने?"

"आपके. सर्वपितृ अमावस्या को घाट पर तर्पण हुआ है. वीडियो है हमारे पास. पंडितजी खुद नाम बता रहे हैं."

त्यांनी फोन ठेवला आणि तास घेतला. घंटा झाल्यावर एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर तो व्हिडिओ शोधला. सापडायला वेळ लागला नाही. घाटावरच्या बातम्या करणाऱ्या एका स्थानिक चॅनेलचा होता, वर लाल अक्षरांत मथळा होता: 'जंग में गए बेटे को काशी ने दी विदाई'. कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले पंडितजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर बिंदुमाधव.

शार्दूल सव्वीस वर्षांचा. हॉटेलच्या स्वयंपाकाचं शिक्षण घेतलेला. वडील, रत्नाकर आठल्ये, रेल्वेत होते. तो कॉलेजात असताना गेले. मागच्या उन्हाळ्यात एका एजंटाने त्याला परदेशी लष्कराच्या छावणीत आचारी म्हणून नेलं. करार तिकडच्या भाषेत होता. महिनाभरात त्याच्या हातातला झारा गेला आणि बंदूक आली. ते युद्ध त्याआधीच कित्येक वर्षं चालू होतं आणि दोन्ही बाजूंची स्वतःची माणसं संपत आली होती. आझमगढ, मऊ, गाझीपूरकडची मुलंही अशीच गेली होती. कुणी ड्रायव्हर म्हणून, कुणी पहारेकरी म्हणून.

त्यांना परत बोलवावं का, यावर टीव्हीवर आठवडाभर चर्चा झाली. ते आपलं सैन्य नाही, मग माघारीचा प्रश्न येतोच कुठे, असं एकाने म्हटलं. मित्रराष्ट्र दुखावेल, असं दुसऱ्याने. युद्ध आपलं नाही हे सगळ्यांनी मान्य केलं. मरणारी माणसं आपली आहेत, हे कुणी फारसं बोललं नाही. शेवटी सरकारने सांगितलं, माणसं टप्प्याटप्प्याने सोडवू. एक तुकडी ऑगस्टमध्ये आली. तिच्यात शार्दूल नव्हता.

ऋतुराज सिंह मात्र होता. आझमगढचा, एका पायाने अधू होऊन आलेला. तो शरदिनीबाईंना मुद्दाम भेटायला आला होता. ड्रोनचा मारा झाला, शार्दूलच्या दंडाला लागलं, त्याला गाडीत घालून नेलं, इतकं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"होश में था?" त्यांनी विचारलं होतं.

"पूरा होश में, आंटी. गाली दे रहा था."

"किसको?"

"सबको. मराठी में. जब बहुत गुस्सा आता था तब मराठी में ही देता था."

तेव्हापासून शरदिनीबाई या एका साक्षीवर उभ्या होत्या. बेशुद्ध माणूस शिव्या देत नाही.

मंगला गौरीच्या गल्लीत आठल्यांचं घर आहे. वर शरदिनीबाई राहतात, खाली बिंदुमाधव आणि त्यांची बायको इंदू. बिंदुमाधव याज्ञिकी करतात. महाराष्ट्रातून श्राद्धासाठी येणारी माणसं त्यांच्याकडेच उतरतात. दुपारी शरदिनीबाई पायातल्या चपला न काढता खालच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावोजी, अमावस्येला कुणाकुणाला पाणी दिलंत?"

बिंदुमाधव जेवून सुपारी कातरत होते. "नेहमीप्रमाणे. आबा, आजोबा, पणजोबा. दादा." अडकित्ता थांबला. "वहिनी, बसा ना."

"दादांनंतर?"

"शार्दूलला. एकच ओंजळ."

"तो गेला असं तुम्हाला कोण सांगून गेलं?"

"कुणी नाही. म्हणून तर दिली." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "असला, तर गंगेचं पाणी गंगेत गेलं, बिघडलं काय? आणि नसला, तर पोर तिकडे तहानलेलं राहायला नको. त्याच्यामागे कोण आहे द्यायला?"

"मी आहे. आणि तो मेलेला नाही."

"तुम्हाला सांगणार होतो."

"मला नाही सांगितलंत. मोबाइलवाल्याला सांगितलंत."

"तो दरवर्षी येतो. बाबाजी, किसके लिए, म्हणून विचारलं. हातात दर्भ होता, वहिनी. खोटं कसं बोलू?"

आतून इंदूचा आवाज आला, "मी म्हटलं होतं यांना. मंत्र म्हणा आणि वर या. तर हे पाण्यात उभे राहून इंटरव्ह्यू देतात!"

शरदिनीबाईंनी फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. नाव वगळलं म्हणजे काय, तेही सांगितलं. त्याला कुणी मागणार नाही, तिकडच्या इस्पितळात कुणी विचारणार नाही, उद्या तो स्वतःच्या पायांनी आपल्या दूतावासाच्या दारात आला तरी त्याला विमानात कुणी बसवणार नाही. बिंदुमाधवांचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही त्याच्यावर पाणी सोडलंत, भावोजी."

"दिलं, वहिनी. सोडलं नाही. दोन्हींत फरक आहे."

"मला कळतो. दिल्लीला कळत नाही. तिथे जाऊन सांगा."

दिल्लीला जावं लागलं नाही. गुरुवारी तो अधिकारीच वाराणसीला आला. पूर्वांचलातल्या कुटुंबांसाठी एका सरकारी सभागृहात सुनावणी ठेवली होती. पुढची तुकडी ठरत होती आणि नावं शुक्रवारी संध्याकाळी तिकडच्या सरकारकडे जायची होती. मागच्या खुर्च्यांवर गावाकडून पहाटेच्या गाड्यांनी आलेली माणसं होती, मांडीवर मुलांचे फोटो धरून. पुढच्या सोफ्यावर शहरातले प्रतिष्ठित होते. त्यांचं कुणी युद्धावर नव्हतं.

अधिकारी मृदू बोलत होता. सरकार संवेदनशील आहे. प्रक्रिया चालू आहे. पण हे लोक स्वेच्छेने गेले, हेही लक्षात घ्यावं लागतं. 'स्वेच्छा' हा शब्द त्याने इतक्या वेळा वापरला की मागे कुणीतरी मोठ्याने जांभई दिली.

सोफ्यावरच्या एका व्यापारी पुढाऱ्याने दुजोरा दिला. "अपनी मर्जी से गए थे भाई. देश का क्या दोष?"

ऋतुराज काठी टेकत उठला. "चाचा, नाव में तो सब अपनी मर्जी से बैठते हैं. डूबने लगे तो मल्लाह पूछता है क्या, कि बैठने को किसने कहा था?"

सभागृह हसलं. पुढारी हसला नाही. अधिकाऱ्याने पुढचं नाव पुकारलं, ते शार्दूलचं होतं.

शरदिनीबाई पुढे गेल्या. त्यांनी विचारलं, माझा मुलगा मेल्याचं तुम्हाला तिकडच्या सरकारने कळवलं आहे का?

"नहीं, मॅडम."

"मृत्यु प्रमाणपत्र?"

"वह तो उन्हीं के यहाँ से आएगा."

"माँगा?"

अधिकाऱ्याने शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने पंख्याकडे पाहिलं.

"मतलब उनके यहाँ वह मरा नहीं," शरदिनीबाई म्हणाल्या, "और आपके यहाँ जिंदा नहीं. तो है कहाँ?"

"मॅडम, आपकी भावना का सम्मान है. लेकिन तिलांजलि तो आपके ही घर से दी गई."

"हाँ. मेरे देवर ने दी, तिल लेकर, पानी में खड़े होकर, रोते हुए. आपने कुर्सी पर बैठकर दे दी. बिना तिल के."

या वेळी कुणी हसलं नाही. मागे मऊच्या एका म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, तेवढाच आवाज झाला. अधिकारी पाणी प्यायला. मग म्हणाला, ठीक आहे, मार्ग काढू. पंडितजींनी लिहून द्यावं की ते तर्पण नव्हतं. कॅमेऱ्यासाठी केलेलं होतं. खरा विधी झालाच नाही.

शरदिनीबाई वळल्या. बिंदुमाधव तिसऱ्या रांगेत बसले होते. हे लिहून दिलं तर शार्दूलचं नाव उद्या जाऊ शकत होतं. आणि हे लिहून दिलं तर आबा, आजोबा, रत्नाकर, त्या दिवशीच्या प्रत्येकाच्या ओंजळीला त्यांनी स्वतःच्या सहीने नाटक ठरवलं असतं. घाटावर उभं राहून खोटं बोलता आलं नाही, म्हणून हे सगळं घडलं होतं. वहिनी त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

ते पुढे आले. धोतराचा सोगा हातात घट्ट धरलेला.

"साहेब, तर्पण सच था," ते म्हणाले. "झूठ नहीं लिखूँगा."

शरदिनीबाईंनी डोळे मिटले.

"लेकिन भूल थी. वह लिखूँगा. और एक बात सुनिए." मग काशीच्या संथ हिंदीत त्यांनी सांगायला सुरुवात केली. परदेशी गेलेल्याचा पत्ता लागत नाही, तेव्हा शास्त्र आधी वर्षानुवर्षं वाट पाहायला सांगतं. त्यानंतरच पळसाच्या पानांचा माणूस करून तो जाळायचा. आणि इतकं सगळं झाल्यावर तो जिवंत परत आला, तर? त्याचीही सोय आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, नव्याने जन्मला असं मानायचं, बारसं करायचं, मुंज करायची, बायको असेल तर तिच्याशीच पुन्हा लग्न लावायचं, आणि घरात घ्यायचं. मी तर पानांचा माणूसही जाळला नाही. एक ओंजळ पाणी दिलं.

"जिसको जला दिया, उसके भी लौटने का रास्ता हमारे यहाँ लिखा है. आपके यहाँ है?"

अधिकारी जरा गोंधळला. प्रश्न त्याने खरंच विचारात घेतला असावा, कारण उत्तर प्रामाणिक होतं. "ऐसा कोई प्रावधान नहीं है, पंडितजी."

"मणिकर्णिका पर चिता जलाने वाला डोम भी बिना लाश के आग नहीं देता," बिंदुमाधव म्हणाले. आवाज आता चढला होता. "आपने किस चीज को आग दी?"

व्यापारी पुढारी मध्ये काही बोलू लागला. मऊचा म्हातारा त्याला म्हणाला, "आप बैठिए. आपका कौन गया है?" तो बसला.

कागद मागवला गेला. बिंदुमाधवांनी हिंदीत लिहिलं: आपण भ्रातृपुत्र शार्दूल याच्या नावे तर्पण केलं, त्याच्या मृत्यूची कोणतीही माहिती आपल्याला नव्हती आणि नाही, त्याच्या आईला विचारलं नव्हतं. खाली स्वतःहून एक ओळ जोडली: 'मैंने पानी दिया है, लड़का नहीं दिया.' अधिकाऱ्याने ती ओळ दोनदा वाचली आणि ती काढता येईल का, असं विचारलं. बिंदुमाधव नाही म्हणाले.

"देखते हैं," अधिकारी म्हणाला आणि कागद घेतला.

परतताना मैदागिनला गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा बिंदुमाधव म्हणाले, "वहिनी, खोटं लिहायला हवं होतं का?"

"हो," शरदिनीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्हाला जमलं नसतं. अक्षर बिघडलं असतं."

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर त्यांनी कार्यालयात फोन केला. नावं गेली होती. शार्दूलचं गेलं का, या प्रश्नाला 'प्रकरण विचाराधीन है' असं उत्तर आलं. विचार कोण करतं आहे, हे फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं. शनिवारी फोन कुणी उचलला नाही.

शनिवारी बिंदुमाधवांनी माळ्यावरचं तांब्याचं मोठं घंगाळ खाली काढलं आणि चिंच लावून स्वतः घासलं. इंदूने विचारलं, एवढं तूप आणणार कुठून? ते म्हणाले, आधी मुलगा येऊ दे. घंगाळ जिन्याखाली ठेवलं आहे. वर जाता-येताना शरदिनीबाईंना त्याला वळसा घालावा लागतो. ते तिथून हलवा, असं त्या अजून म्हणालेल्या नाहीत.

रविवारी रात्री सोडवलेल्या माणसांचं विमान दिल्लीला उतरलं. नऊ जण आले. ऋतुराज विमानतळावर गेला होता. त्याने नऊही जणांना शार्दूलचा फोटो दाखवला. सात जणांनी ओळखलं नाही. एकाने एका इस्पितळाचं नाव घेऊन तिथे दंडाला पट्टी बांधलेला, सगळ्यांशी भांडणारा एक हिंदुस्तानी पाहिल्याचं सांगितलं. कोणत्या भाषेत भांडत होता, ते त्याला सांगता आलं नाही. नवव्या माणसाला बोलता येत नव्हतं.

इस्पितळाचं नाव शरदिनीबाईंनी सोमवारी सकाळीच कार्यालयाला कळवलं. दुपारी कॉलेज सुटेपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.