दवाचा दोर

थंडीनं पाणी गोठतं, असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं. निवांत राहू दिलं तर पाणी गोठण्याच्या थंडीखाली उतरूनही पाणीच राहतं, मोठं हट्टी असतं ते. मग बर्फाचा एक कण लागायचा अवकाश, सगळं जागच्या जागी गोठतं. दह्याच्या विरजणाला रात्र तरी लागते, याला तेवढाही धीर नसतो. १९३५च्या पौषात मखमलाबादच्या पुंजाराम माळ्याच्या वांग्यांवर हेच झालं.

पुंजारामचा मुलगा गेणू त्याआधीच्या आखाडात तापानं गेला. मागे राहिली त्याची बायको नवसाबाई, पदरी मूल नाही. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तोच पुंजारामचा धाकटा भाऊ चिमाजी म्हणू लागला, हिला माहेरी धाडा, जमीन मी कसतो. पुंजारामला भावाला नाही म्हणवेना. शेवटी ठरलं की वांग्यांचं हे पीक नवसाबाईनं तगवलं तर जमीन तिच्याकडं, नाहीतर चिमाजीकडं.

दव पानांवर राहिलं की करपा पडतो. म्हणून हे माळी सकाळीच लांब दोराची दोन टोकं दोघांनी धरून तो पिकावरून ओढतात आणि दव झाडतात. पुंजारामला आता अंधुक दिसायचं, पण दोर त्यानं कधी चुकवला नाही. त्या दिवशी फटफटलं तेव्हा गारठ्यानं बोटं वळत नव्हती. बांधावर पडून राहिलेला ओला दोर पांढरा पडून काठीसारखा ताठ झाला होता. पानांवरचं दव मात्र पाणीच होतं. सासरा-सुनेनं दोर ओढायला सुरुवात केली.

दोरावरचा बर्फ लागला की पान पांढरं व्हायचं. दव खाली गळतच नव्हतं, पानावरच गोठत होतं. निम्मं वावर झाल्यावर नवसाबाईच्या ते ध्यानात आलं.

"मामा, थांबा! दोर लागला का पान गोठतंय."

"काय तरी बोलू नको. करपा आला म्हंजे? वढ."

"नाय वढायची मी."

"माझं ऐकायचं नसंल तर माहेरची वाट धर!"

तिनं टोक टाकून दिलं. सासऱ्याचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. पुंजाराम एकटाच ओढू लागला, तेव्हा ती दोरावर पाय देऊन उभी राहिली.

ऊन चढलं तशी दोर फिरलेली वांगी उकडल्यासारखी काळी पडली. उरलेली निम्मी हिरवीगार होती.

चिमाजी आला तो तोंडसुख घेतच. "बघ दादा, बाईच्या हातात शेती दिली का असं व्हतं. निम्म्यात दोर टाकला जनू."

पुंजाराम वावरात उतरला. त्यानं काळी पानं चाचपली, मग हिरवी.

"टाकला म्हनून एवढी राहिली," तो म्हणाला. "बाकीची म्या मारली. तिला दिसत व्हतं, अन् मी तिला माहेरची वाट दावत व्हतो."

"पन पीक तर निम्मं गेलं. ठरलं व्हतं आपलं."

"ते ठरवलं हीच माझी चूक. जमीन नवसाची हाय, चिमा. तू घरी जा."

चिमाजी गेला. गेणू गेल्यावर चार लोकांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली नवसाबाई बांधावर बसून मोठमोठ्यानं रडली.