तिसरीच्या वर्गातला तानोआ

मी एक जुना तानोआ आहे. तानोआ म्हणजे यंगोना कालवायचे लाकडी भांडे. घमेल्यासारखे उथळ, खाली चार पाय. फिजीत लग्न असो की मयत, माझ्यावाचून बैठक भरत नाही. पण मित्रांनो, मी हल्ली बैठकीत नसतो. आमच्या गावच्या सरकारी शाळेत, तिसरीच्या वर्गात, गळक्या छपराखाली असतो. इथे कसा आलो ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगतो.

दूरच्या एका बेटावर एका म्हाताऱ्या कारागिराने वेसी नावाच्या झाडाच्या अखंड ओंडक्यातून मला कोरले. होडीतून मी या गावात आलो. यंगोनाच्या मुळांची पूड पाण्यात कालवली की मातकट पेय तयार होते. ते नारळाच्या करवंटीतून पितात. जीभ बधिर होते, अंग सैलावते आणि भांडायला आलेला माणूस गप्पा मारायला बसतो. त्यामुळे माझा मान मोठा होता. मुलांना मला ओलांडून जायची बंदी होती.

गावात काही उभारायचे झाले की थोडे पैसे सरकार देई, उरलेले गावाने जमवायचे. जमवायची रीतही मोठी गमतीची. डब्यात नाणे टाकायचे आणि ज्याची फिरकी घ्यायची त्याच्या नावाने करवंटी पाठवायची. त्याने ती प्यायची, नाहीतर जास्त पैसे टाकून पाठवणाऱ्यावरच उलटवायची. या चेष्टामस्करीतून शाळेचे वाचनालय झाले, रग्बीच्या मैदानाला कुंपण झाले. संध्याकाळी मुले त्या कुंपणावर ओळीने बसली की माझा ऊर भरून यायचा.

मग चक्रीवादळ आले आणि शाळेचे अर्धे छप्पर उचलून उसात नेऊन टाकले. छपरासाठी एका शनिवारी दुपारी आंब्याखाली बैठक भरली. शाळेच्या हेडबाई आकेनेता सकाळपासून चटया अंथरत होत्या. समोर गावसमितीचा अध्यक्ष इनोके बसला होता. तरुणपणी रग्बी गाजवलेला माणूस, आवाज दांडगा. त्याने पहिलीच करवंटी बाईंच्या नावाने सोडली.

"भरती की ओहोटी?" करवंट्या भरणाऱ्या तोमासीने विचारले. आमच्याकडे पूर्ण भरलेल्या करवंटीला भरती म्हणतात, अर्ध्या करवंटीला ओहोटी.

"भरतीच! शाळेचं काम आहे, हात आखडू नकोस."

"अहो इनोके, मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे," बाई हसत म्हणाल्या. "जरा दमानं घ्या."

"मग उलटवा की! सोडा पर्सची चेन!"

दोनदा बाईंनी उलटवली. तिसऱ्यांदा पर्स उघडली तर आत बसच्या भाड्यापुरतेच पैसे. त्यांनी पर्स मिटली, पिण्याआधीच्या रिवाजाप्रमाणे एक टाळी वाजवली आणि करवंटी तोंडाला लावली. मग काय विचारता! दुसऱ्या कोणाचे नावच निघेना. सगळी नाणी बाईंच्या नावावर.

"बाई, पोरांसाठी अजून एक!"

"बघू या, शाळा आधी पडते की बाई!"

पोरांसाठी म्हटल्यावर बाई नाही म्हणेनात. डबा भरत गेला. शेवटी शेवटी टाळी वाजवताना त्यांचे तळहात एकमेकांना सापडेनासे झाले. दोन बायकांनी त्यांना धरून घरी नेले आणि मागे लोक पोट धरून हसत राहिले. मित्रांनो, ते सगळे पेय माझ्या पोटातून गेले होते. मला थांबता येत नव्हते, पण त्या हसण्याच्या मधोमध मीच बसलो होतो.

सोमवारी सकाळी समिती बसली. बाई अजून अंथरुणात ओकत होत्या.

"जिल्ह्याचा सामना तोंडावर आलाय आणि मैदानावर दिवे नाहीत," इनोके म्हणाला. "छपराचे पैसे तूर्त दिव्यांना लावू. तिकिटांतून परत टाकू."

"बाईंना विचारायला नको?" तोमासी चाचरत म्हणाला.

"बाई कुठल्या उठतायत! त्यांना भरती बाधलीय."

पुन्हा सगळे हसले आणि हसता हसताच हात वर झाले. तोमासीचाही झाला.

दिवे लागले. सामना आपण हरलो. तिकिटांचे पैसे संघाच्या बसला आणि जेवणाला गेले. छपराला ताडपत्री मिळाली. दिव्यांच्या समारंभासाठी इनोकेने शिंपल्याचे नक्षीकाम केलेला नवा तानोआ आणला आणि मी शाळेच्या अडगळीत पडलो.

पावसाळ्यात ताडपत्री फाटली तेव्हा आकेनेताबाईंनी मला बाहेर काढले, पुसले आणि गळतीखाली ठेवले. ताडपत्री ठोकायला आलेला तोमासी कळवळला.

"बाई, यात यंगोना करतात. याला गळतीखाली कशाला?"

"छपरासाठीच मांडला होता ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मग राहू दे छपराखाली."

तोमासीच्या हातातून खिळे पडले. ते वेचायला तो बराच वेळ वाकून राहिला.

काल इनोके आपल्या नातीला, लितियाला, न्यायला आला. मला ओतायची पाळी नेमकी तिची होती.

"आजोबा, एक बाजू धरा ना. जड झालंय."

त्याने वाकून मला धरले आणि ओळखले.

"हा इथं कसा?"

"छप्पर गळतं ना! बाई म्हणतात, याच्यातून नवीन छप्पर येणार होतं." लितियाने माझ्या आत डोकावून पाहिले. "भांड्यातून छप्पर कसं येतं, आजोबा?"

आंब्याखाली ज्याचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जायचा, त्याने माझी एक बाजू उचलली. दोघांनी मला ओतून आणले. त्याने मला नेमके थेंबाखाली ठेवले आणि तो पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, शाळा सुटेपर्यंत बसून राहिला. मी भरलो की उठायचा, एकटाच ओतायचा. पलीकडे मैदानावर भरदिवसा दिवे जळत होते. त्याने तिकडे मान वळवली नाही.

मित्रांनो, मला पुन्हा धुऊनपुसून बैठकीत मांडा असे मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, गावासाठी पैसे गोळा कराल, तेव्हा खुशाल हसा, खेळा. पण ज्याच्या नावाने घेतले त्यालाच ते द्या, आणि ज्याच्या जिवावर हसलात तो उठून येईपर्यंत हात वर करू नका. तूर्त एवढेच करा, मला ओता. मी काठापर्यंत आलो आहे आणि खाली मुलांची दप्तरे आहेत.