बासरीमागची हवा

"डोळे मिटा, भाऊजी. आणि मागे वळून बघायचं नाही," मेहुणा म्हणाला.

"मी नेहमी डोळे मिटूनच ऐकतो," तो म्हणाला आणि खुर्चीत पाठ ताठ करून बसला. खोलीत खुर्ची ती एकच होती. दुसरी ठेवली की आवाज बिघडतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मेहुणा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायचं, ही धंद्यातली सवय घरी आल्यावरही त्याला सुटत नसे. आज तर तो बोलण्यासाठीच आला होता. बहिणीला महिनाभर जे धड बोलता आलं नव्हतं, ते त्याने चहा निवायच्या आत बोलून टाकलं. भाची लहान पोराला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली आहे, परत तिकडे जायची नाही. ऑफिसातल्या कुणीतरी तिला एका खोलीची जागा दाखवली आहे, आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. त्यापेक्षा तिची खोली तिला द्या.

तिची खोली म्हणजे हीच. लेकीचं लग्न झालं त्याच आठवड्यात त्याने इथल्या भिंती मापल्या होत्या. आता भिंतींवर आवाज शोषून घेणारा काळा स्पंज होता, कमरेएवढे दोन स्पीकर होते आणि संगणक होता. त्याचं आयुष्य विमा कंपनीच्या संगणक विभागात लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्यात गेलं. ऑफिसात त्याला 'डिजिटल' म्हणत. कौतुकाने म्हणतात, असं त्याला निवृत्तीपर्यंत वाटत राहिलं. पण खरं काम घरी. हजारो गाणी त्याने मूळ ध्वनिमुद्रणातला कणही न गाळता साठवली होती. प्रत्येकाला गायकाचं, संगीतकाराचं, सापडलं तर बासरीवाल्याचंही नाव लावलं होतं. सगळ्याच्या तीन प्रती. तिसरी बँकेच्या लॉकरमध्ये, बायकोच्या दागिन्यांना खेटून. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांची त्याला कीव यायची. "गाणं दाबून दाबून लहान केलेलं असतं रे," तो सांगायचा. "रस दुसऱ्यांनी पिऊन टाकलेला. तुम्ही आपले चोथा चघळत बसता."

खोली देणार नाही, असं तो म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "हे सामान हलवलं की संपलं. दिवाणखान्यात ऐकायचं, तर मग फोन काय वाईट?"

"पण भाऊजी, फरक तुम्हाला तरी कळतो का?"

हे त्याला झोंबलं आणि पैज लागली. गाणं एकच. कधी संगणकातलं, कधी फोनवरचं. त्याने न बघता ओळखायचं. सहाच्या सहा बरोबर आली तर खोली त्याची, एक जरी चुकलं तर लेकीची. कुणाचीच बाजू न घेणारी म्हणून संगणक की फोन ते ठरवणारी अ‍ॅम्प्लिफायरची कळ फिरवायला बायकोला उभं केलं. तो तारा जोडत होता तेवढ्यात ती आत जाऊन लेकीशी फोनवर बोलून आली. उजेडाने लक्ष विचलित होतं म्हणून त्याने संगणकाचा पडदाही बंद करून टाकला.

"लाव," तो म्हणाला.

काहीच वाजलं नाही.

"ही शांतता ऐक," तो मेहुण्याला म्हणाला. "गाणं सुरू होण्याआधीची. फोनला अशी शांतता जमत नाही."

मग गाणं लागलं. त्याने मान हलवली. "संगणक. बासरीच्या मागे हवा आहे बघ."

"बरोबर," बायको म्हणाली.

दुसऱ्यांदा तो कपाळाला आठी घालून म्हणाला, "फोन. सगळे वादक एका कपाटात कोंबलेत."

"बरोबर."

चौथ्या वेळेला त्याने बासरीवाल्याचा श्वास ऐकला. पाचव्याला तो श्वास गेला. सहाव्याला परत आला. सहाच्या सहा बरोबर.

"मानलं बुवा," मेहुणा म्हणाला आणि बहिणीकडे न बघता पायात चपला सरकवून गेला.

त्याने सामान आवरायला घेतलं. गाणं बंद करायला म्हणून पडदा सुरू केला, तर त्यावर पांढरी अक्षरं होती : अपडेट सुरू आहे. चौतीस टक्के पूर्ण. कृपया संगणक बंद करू नका.

जुन्या सवयीने तो आधी वेळेचा हिशेब करत बसला. एवढं व्हायला निदान अर्धा तास हवा. मग त्याला हिशेब लागला.

बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"संगणक वाजतच नव्हता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे सहाही वेळा फोनच."

"पहिल्यांदा फिरवली होती मी कळ. काही येईना. तुम्ही म्हणालात, काय शांतता आहे. मग परत फोनवर आणली आणि तिथेच ठेवली."

"मग बरोबर का म्हणालीस?"

"सवय."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "एवढी वर्षं मी तुला हाक मारून ऐकवायचो. तू म्हणायचीस, आता स्पष्ट येतंय."

"गॅसवर काहीतरी असायचं. हो म्हटलं की परत येता यायचं." तिने पातेलं पालथं घातलं. "पटकन हो म्हटलं तर तुम्ही पुन्हा ऐकवायचात. म्हणून जरा थांबून म्हणायचे."

त्याला राग यायला हवा होता. राग आला असता तर कुठेतरी ठेवता आला असता. तो परत खोलीत जाऊन बसला. संगणक एव्हाना शहाण्यासारखा सुरू झाला होता. त्याने ते गाणं पुन्हा लावलं, मग फोनवर लावलं, मग परत संगणकावर. बासरी वाजत होती. बासरीच्या मागे भिंत होती.

सकाळी बायको उठली तेव्हा खोलीतल्या तारा सुटल्या होत्या. भिंतीवरचा स्पंज निघाला होता, त्याबरोबर रंगाचे पापुद्रेही. तो एक स्पीकर पोटाशी धरून, धापा टाकत दिवाणखान्यात येत होता.

"हे काय चाललंय?"

"खोली रिकामी करतोय. मी हरलो ना. तिला फोन कर, म्हणावं ये."

"तिनं काल संध्याकाळीच तिकडची किल्ली घेतली."

"पण हो-नाही कळवायला तर काल संध्याकाळपर्यंत वेळ होता... तू तिला खोटंच कळवलंस? मी जिंकलो म्हणून?"

"मी निकाल कळवलाच नाही. तुम्ही तारा जोडत होता तेव्हा तिला म्हटलं, थांब जरा, बाबांनी पैज लावलीय, हरतील बहुतेक. तर ती म्हणाली, आई, त्यासाठी पैज लावावी लागली ना, मग राहू दे."

त्याने स्पीकरची पकड बदलली.

"मग म्हटलं, निदान तुम्ही तरी जिंका."

दिवाणखान्यात स्पीकरला जागा केलेली नव्हती. खोलीत परत न्यावा, तर तिकडे तोंड वळवणं त्याच्याने होईना. ते ओझं छातीशी धरून तो मधल्या दारात तसाच उभा राहिला.

बायकोने वाटेतली सुटलेली तार बाजूला केली.

"खाली ठेवा तो," ती म्हणाली. "पाठ धरेल."