पोचा पडलेली काळी पेटी

मी एक जुनी काळी पेटी आहे. फौजेतल्या माणसाकडे असते तशी, पत्र्याची. माझ्यावर पांढऱ्या रंगात 'हवालदार अंगद आश्रुबा' असं लिहिलेलं आहे. नीट बघितलंत तर 'हवालदार'च्या खाली 'नायक' आणि त्याच्याही खाली 'शिपाई' दिसेल, कारण बढती मिळाली की पेंटर जुन्यावरच रंग फासायचा. माझ्या डाव्या कोपऱ्याला एक मोठा पोचा आहे. मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते या पोच्याबद्दलच आहे.

छावणीबाहेरच्या एका दुकानात माझा जन्म झाला. नवा शिपाई अंगद याने मला विकत घेतलं. तो सिरसाळ्याजवळच्या खेड्यातला. आईवडील, आश्रुबा आणि रुक्मिणीबाई, दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. अंगदही बाराव्या वर्षापासून उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. भरतीच्या डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा तपासला आणि कागदावर 'निरोगी' असा शेरा मारला. त्या दिवसांत आम्ही दोघंही नवेकोरे होतो आणि आमचा रुबाब काही विचारू नका!

पुढे आम्ही पहाडातल्या एका चौकीवर निघालो. वाटेत बर्फ पडून ट्रक अडकला आणि सामान पाठीवर घेऊन चढायचा हुकूम झाला. बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्यांचं खोकं भिजून फुटलं होतं. साहेबांनी माझ्यातले कपडे काढायला लावले आणि बॅटऱ्या भरल्या. अंगदने मला पाठीवर बांधलं.

"जड हाय बे," सोबती म्हणाला.

"मोळी उचलणाऱ्याला ही पेटी म्हंजे काय!" अंगद हसला.

अर्ध्या चढावर त्याचा पाय सटकला. तो कमरेवर आपटला, मी त्याच्यावर आपटले आणि मग कडेच्या दगडावर. माझा पोचा तेव्हाचा. सोबत्याने दवाखान्यात जाऊन नोंद करायला सांगितलं, पण अंगद म्हणाला, "ऊसतोड्याचं पोरगं हाय मी. पाठीचं काय कौतुक?" मलम चोळून तो दोन दिवस पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागला. नोंदीचा कागद काही झाला नाही. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आज माझी मलाच लाज वाटते, कारण त्याच्या पाठीवरचं ओझं मीच होते.

काही वर्षांनी त्याच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मग काठी आली आणि शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं. जाण्याआधी डॉक्टरांच्या मंडळाने विचारलं, "आधी कधी पाठ दुखत होती का?" अंगदने काय उत्तर दिलं ते त्याने घरी शंभरदा सांगितलं आहे, म्हणून मला पाठ आहे. "साहेब, ल्हानपणी मोळ्या उचलून दुखायची, पर सकाळी बरी व्हायची. बर्फात पडल्यापास्नं मातर एक दिस बरी न्हाई." लिहिणाऱ्याने पहिलाच अर्धा भाग लिहिला. 'पाठदुखी लहानपणापासून. सैन्यसेवेशी संबंध नाही.'

त्या ओळीने अपंगत्वाचं निवृत्तिवेतन अडलं. पण अंगदला ती ओळच जास्त लागली. वीस वर्षं नोकरी करून दुखण्याचा आणि नोकरीचा संबंध नाही म्हणतात!

त्याने अपील केलं, मग दुसरं केलं. दोन्ही वेळा दूरच्या कचेरीत कुणीतरी तीच ओळ वाचली आणि तेच उत्तर पाठवलं. त्याला कुणी बोलावलंच नाही. शेवटी बीडला माजी सैनिकांचे अर्ज लिहून देणारे मोहनराव भेटले. ते स्वतः निवृत्त सुभेदार. म्हणाले, "भरतीला निरोगी होतास ना? मग दुखणं नोकरीतच आलं असं धरत्यात. न्यायाधिकरणात जाऊ." तिथे तीन वर्षं गेली आणि पुन्हा तपासणी करा, असा हुकूम निघाला. मोहनरावांनी बजावलं, "आता उसाचं नाव काढायचं न्हाई. काढलंस तर फाईल बंद झाली समज."

कागद पिशवीत मावले असते, पण अंगदला डॉक्टरांना माझा पोचा दाखवायचा होता. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून सत्तरीच्या रुक्मिणीबाईंनी मला डोक्यावर घेतलं. त्या मानेवर मी जरासुद्धा हलले नाही.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर माझ्या पोच्याकडे नाही, रुक्मिणीबाईंकडे बघत राहिले. सहज कौतुकाने म्हणाले, "आजी, एवढी पेटी डोक्यावर? सवय दिसते."

अंगद घाबरला. त्यांनी उसाबद्दल काही विचारलंच नव्हतं. तरी तो घाईघाईने म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्यात कुणीच ऊस तोडला न्हाई."

रुक्मिणीबाईंनी उसाच्या पाचटाने चिरलेले, कोयत्याचे घट्टे पडलेले हात हळूच पदराखाली घेतले. माझ्यातून आवाज निघत असता तर मी ओरडले असते. एसटी स्टँडवर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस, लेकरा."

निकाल अंगदच्या बाजूने लागला. कागदावर आता 'सैन्यसेवेमुळे' असं लिहिलं आहे. त्याने तो एकदाच वाचला.

आश्रुबा वारल्यापासून त्या घरात खंडेनवमीला त्यांचा कोयता पुजत असत. यंदा पाटावर कोयता दिसेना, म्हणून अंगदने विचारलं, "माय, कोयता कुठंय?"

रुक्मिणीबाई हळदकुंकवाची वाटी भरत होत्या. आवाजात राग नव्हता. "कसला कोयता, लेकरा? आपल्यात कुणी ऊस तोडलाय व्हय?"

अंगद पाटासमोर बसला आणि रडला.

मित्रांनो, मला रंग नका देऊ. माझा पोचा ठोकून सरळही करू नका. उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, साहेब व्हाल, कुणाचं तरी बोलणं कागदावर लिहून घ्याल. तेव्हा त्याचं वाक्य संपेपर्यंत हात थांबवू नका. तो कोयता फडक्यात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवलेला आहे आणि त्याच्यावर निकालाचा कागद आहे. कागद बघायला माणसं येतात. कोयता कुणी मागत नाही.