नकलेचा गुन्हा

सरिताला नकल हवी होती. सातपुड्याच्या पायथ्याला तिच्या आज्यापासून कसत आलेल्या चार एकरांचा वनहक्काचा दावा सरकारने फेटाळला होता. का फेटाळला, ते लिहिलेला कागद कचेरीच्या कपाटात सुखरूप होता. पिंप्राळ्याचे वकील जिनेशभाऊ म्हणाले होते, "नकलेशिवाय अपील नाही, आणि सोमवारनंतर मुदत नाही."

दीड महिना कचेरीने तिला 'आज साहेब नाहीत', 'आज लाईट नाही', 'आज फाईल सापडत नाही' असं सगळं सरकारी पंचांग वाचून दाखवलं. अखेर शुक्रवारी, तशाच दावे फेटाळलेल्या, तीच मुदत असलेल्या आणि तितकेच हेलपाटे घातलेल्या दहा बायांना घेऊन ती पायरीशी बसली. दगड नाही, शिवी नाही. एकच मागणी, "आमनी नकल द्या!"

बंदोबस्ताचे साहेब बदलून आलेले, दूरचे, आणि देशाची काळजी वाहून वाहून थकलेले. त्यांना ऐकू आलं, "नक्षल!"

"साहेब, नकल म्हणताहेत. झेरॉक्स," इथलाच असलेला भटू हवालदार म्हणाला.

"तू त्यांच्यातला का?"

त्यासरशी भटूलाही नक्षलच ऐकू येऊ लागलं.

सरिताला ठाण्यात नेलं. तिला भीती वाटत होतीच, पण कोठडीपेक्षा सोमवारची जास्त. नुसत्या बसलेल्या बायांकडून शांतताभंग कसा होतो, हे साहेबांनाच ठाऊक. त्यांनी तशी नोटीस मात्र झोकात तयार केली. हेतूचा पुरावा म्हणून कचेरीतून तिच्या दाव्याचा आदेशही मागवला. दीड महिना न सापडलेला कागद वीस मिनिटांत आला, शिक्क्यासकट.

"नोटिशीबरोबर जोडलेल्या कागदांची नकल तिला द्यावी लागते, साहेब," भटू जमिनीकडे बघत पुटपुटला. "फुकट."

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी सही घेऊन नकल दिली आणि तारखेला हजर राहायला सांगून सोडलं. सरिताने आदेश वाचला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'अपात्र'. संतापाने तो फाडून टाकावासा वाटला, पण कागद तिने सोडला नाही. बाहेर येऊन तिने तो मागोमाग ठाण्यावर आलेल्या बायांना दाखवला आणि कसा मिळाला तेही सांगितलं.

थोड्या वेळाने साहेब चहाला बाहेर निघाले, तर ठाण्याच्या दारात दहा बायांची रांग. पुढे सत्तरीची चमेलीबाई, दोन्ही मनगटं जोडून.

"साहेब, आमले बी बठ्ठासले धरा," ती म्हणाली. "सोमवार जवळ शे."