मी स्वतःलाच ओके केलं

चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये मी गाड्यांचे दरवाजे तपासते. ओव्हनमधून निघालेल्या दरवाज्यावर फोड किंवा ओघळ दिसला की माझा लाल स्टिकर बसतो. किरकोळ असेल तर घासून पुन्हा बघायचं, नाहीतर दरवाजा कोपऱ्यात. करिष्मा मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लाइनवरची पोरं म्हणतात. ते मीच त्यांना शिकवलंय.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचा आठवडाभराचा छोटा कोर्स. तो संपला त्या दिवशी हॉस्पिटलच्या आरशात मी डावी बाजू पाहिली आणि स्वतःला ओके करून टाकलं. कातडी जशीच्या तशी होती. विजयश्री सिस्टर पुढे काय काय होऊ शकतं ते समजावत होत्या. मी जोरजोरात मान हलवली आणि फोनवर नवऱ्याला, कुलदीपला, जिलेबी किती आणायची ते सांगत राहिले. आमच्या गावात, निघोज्यात, घरोघरी जिलेबी वाटून आले. मला काहीच त्रास झाला नाही, असं न विचारताही सांगत होते.

पुढच्या आठवड्यात तीच बाजू लाल झाली, मग काळपट, मग पापुद्रे सुटायला लागले. रेडिएशन तर बंद झालं होतं. मग हे कशाने? मी ठरवून टाकलं, आजार परत आलाय. पण गावभर तोंड गोड केल्यावर सांगणार कोणत्या तोंडाने? शिवाय लाल स्टिकर लागला की पुढे काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मग कामावर करते तेच केलं. न्हाणीचं दार लावलं आणि बेसन-हळद घेऊन घासायला लागले. दरवाजे ओरडत नाहीत. मी ओरडले.

सासूबाई, सोजराबाई, बाहेर येऊन उभ्या राहिल्या त्या दार उघडेपर्यंत हलल्या नाहीत. सगळं बघितलं आणि मला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. आजार परत आलेला नव्हता. कोर्स संपल्यावरच कातडी जास्त भडकते आणि काही आठवड्यांत भरून येते, हेच सिस्टरनी त्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. मधली सोललेली जागा मात्र माझी स्वतःची कमाई होती. बेसनाचं ऐकून सिस्टरनी कपाळाला हात लावला. आता घासणं बंद, दिलेलं मलम तेवढंच लावायचं आणि कपडे सैल, सुती. मी तिथेच हमसून रडले. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं आणि माझ्यासाठी सैल झबलं शिवायला घेतलं. लपवलं म्हणून रागावलात का, असं मी विचारलं.

"खराब निघालेला दरवाजा कंपनी कोपऱ्यात टाकती, व्हय ना?" त्या म्हणाल्या. "मग आमी काय कंपनी हाय?"

आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला, त्यांना ओवता येत नव्हता. मी घेतला. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, पण त्या सुईचं नेढं मला काही केल्या दिसेना.